तारा केव्हा टांगावा?

दिवाळी आटोपून पुरता पंधरवडाही लोटला नव्हता, तोच बाजारपेठेत आकाशकंदिलांच्या जागी कागदी तारे झुलू लागले. दुकानदारास आम्ही दोष देत नाही. त्याचे पंचांग त्याच्या गल्ल्यात असते. परंतु गेल्या रविवारी मिस्सेनंतर एका माउलीने आम्हांस दारातच गाठले. ‘‘फादर, शेजारच्या घरी तारा लागला, पोरे माझा जीव खातात. आम्ही केव्हा लावावा?’’ प्रश्न दिसावयास किरकोळ. तथापि तो दरवर्षी चार-दोन घरांतून आमच्याकडे येतो, आणि एखाद्या घरी त्यापायी सासूसुनांचे बोलणेही बंद पडते. म्हणून या आठवड्यात त्याचाच विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घरातील सजावट अमुक दिवशी करावी असा ख्रिस्तसभेचा कोणताही कायदा नाही. नियम आहे तो चर्चमधील वेदीपुरता: आगमनकाळात वेदीवरील फुलांची आरास बेताची असावी, नाताळचा संपूर्ण आनंद अगोदरच प्रकट करू नये. म्हणूनच त्या दिवसांत पुरोहिताची वस्त्रे जांभळी असतात आणि रविवारच्या मिस्सेत गौरवगीत गायिले जात नाही. 30 नोव्हेंबर हा संत आंद्रियाचा सण. त्याला जो रविवार जवळचा, तो आगमनकाळाचा पहिला. तो 27 नोव्हेंबरच्या आधी येत नाही आणि 3 डिसेंबरच्या पुढे जात नाही. नाताळ रविवारी आला तर आगमनकाळ पुरा 28 दिवसांचा होतो. सोमवारी आला तर अवघ्या 22 दिवसांचा. 2023 साली असेच घडले. 24 डिसेंबरला सकाळी आगमनकाळाचा चौथा रविवार आणि त्याच रात्री नाताळची मिस्सा! वेदी सजविणाऱ्या भगिनींची त्या दुपारी जी धांदल उडाली, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

मग या दिवसांत घर उघडेबोडकेच ठेवावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. वाट पाहण्यालाही तिची स्वतःची सजावट असते. हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक लुथरपंथी धर्मोपदेशक अनाथ व दरिद्री मुलांचा आश्रम चालवीत असत. नाताळला आता किती दिवस राहिले, असे विचारून मुले त्यांना भंडावून सोडीत. 1839 साली त्यांनी एक मोठे लाकडी चाक टांगले आणि त्यावर मेणबत्त्या बसविल्या: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान तांबड्या. दररोज एक नवी मेणबत्ती पेटे आणि मुलांना दिवस मोजता येई. आज आपल्या वेदीपाशी चार मेणबत्त्यांचे जे हिरवे कडे असते, त्याचे मूळ त्या चाकात आहे. हा परक्या पंथाचा ठेवा आपण घेतला, यात आम्हांस तरी काही कमीपणा वाटत नाही. कागदी ताऱ्याची एक कथाही तशीच आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील मोराव्हियन पंथाच्या शाळेत मुलांना भूमितीचा अभ्यास म्हणून अनेक टोकांचे तारे करावयास शिकवीत, आणि पुढे ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी टांगण्याची चाल पडली. तेव्हा त्या रविवारी तारा लावणाऱ्याने मनात शंका बाळगू नये.

गोठ्याची गोष्ट निराळी. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली ग्रेचो येथे गव्हाणी मांडली, तिची तयारी करण्याविषयी त्यांनी आपल्या स्नेह्यास सुमारे पंधरा दिवस अगोदर कळविले होते, असे त्यांच्या चरित्रकाराने लिहून ठेविले आहे. पंधरा दिवस हे माप आम्हांस फार समंजस वाटते. आपल्याकडे तर हे माप धान्यच ठरविते. गोठ्यापुढील हिरवळीसाठी आपण परातीत नाचणी किंवा गहू पेरतो. ते सणाच्या आठ-दहा दिवस आधीच पेरावे लागते. घाई केली तर नाताळपर्यंत कोंब पिवळे पडून आडवे होतात. आळस केला तर गाईच्या तोंडापुढे नुसती मातीच राहते. आमच्या आईची परात 15 तारखेला भरत असे आणि तोवर गोठ्याचे एक काटूकही माळ्यावरून खाली येत नसे.

एवढे सांगितल्यावर आमची स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या मध्यावर आमच्या गावच्या टोकाला एका घरावर तारा लागला. आम्हांस राग आला. ख्रिस्तराजाच्या सणाच्या प्रवचनात आम्ही म्हणालो की, काही घरांत वर्ष संपण्यापूर्वीच बाळ येशू जन्मास येऊन चालूही लागला आहे. लोक हसले, आणि आम्हांस त्या हसण्याचे, खरे सांगावयाचे तर, समाधानच वाटले. सायंकाळी चर्चच्या सेवकाने खालच्या आवाजात सांगितले, ‘‘फादर, त्या बाईचा मुलगा बोटीवर असतो.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे गेलो. मुलगा ओट्यावर धाकट्या भावाला सायकल दुरुस्त करून देत होता. सहा वर्षांत एकही नाताळ त्याला घरी मिळाला नव्हता, आणि या खेपेची रजा 2 डिसेंबरला संपणार होती. आत टेबलावर गोठा मांडलेला, ताटात नेवऱ्या व दोदोल. माउली पदराला हात पुसत म्हणाली, ‘‘सणाची तारीख तुमच्या पंचांगात असते, फादर, रजेची तारीख कंपनीच्या हातात.’’ आम्हांस उत्तर सुचेना. आम्ही गोठ्याकडे पाहिले. मेंढ्या होत्या, मेंढपाळ होते, मरिया व योसेफ होते. गव्हाणीत मात्र नुसता पेंढा. आमची नजर तिच्या लक्षात आली. ‘‘बाळ कपाटात ठेवले आहे. ते चोवीसच्या रात्रीच.’’

पुढच्या रविवारी, आगमनकाळाच्या आरंभी, आम्ही त्याच व्यासपीठावरून क्षमा मागितली. त्या वेळी कोणी हसले नाही.

आता विचारणाऱ्या माउलीस आमचे उत्तर. घरात सर्व माणसे असतील तर पहिल्या रविवारी तारा, 15 तारखेच्या सुमारास परात, नंतर गोठा आणि बाळ त्या रात्री. शेजाऱ्याने आधी लावला तर त्याची चौकशी न करता पोरांना त्याच्या ओट्यावर नेऊन तो दाखवावा. एक तक्रार मात्र आमची राहतेच. ज्या घरी नोव्हेंबरात तारा चढतो, त्याच घरी तो 2 जानेवारीस उतरलेला दिसतो. नाताळचा काळ प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणापर्यंत चालतो. तीन राजे तर तेव्हा कुठे वाटेवर असतात. कित्येक ठिकाणी 2 फेब्रुवारीच्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत गोठा ठेवण्याची जुनी चाल आहे. आपले हिंदू शेजारी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आकाशकंदील तेवत ठेवितात. आपणांस पंधरा दिवस जड का व्हावेत, हे आम्हांस उमगत नाही.

गावच्या टोकावरील ती माउली परवा पुन्हा भेटली. या खेपेस मुलगा 20 जानेवारीस येणार आहे. तोवर तारा ठेवला तर चालेल का, असे तिने विचारले. आम्ही वायरमनला सांगितले आहे की, तिच्या ओट्यावरील दिव्याची वायर जुनी झाली आहे, ती बदलून द्यावी.