सहा नंबरची सुई

उसाच्या ट्रॉल्या राजाराम कारखान्याकडे जायला लागल्या की आमच्या घरात लोकरीची पिशवी माळ्यावरून खाली उतरते. बावड्यात थंडी ती किती? पहाटे नदीच्या अंगाला गारठा असतो, नऊला ऊन तापतं. पण बाळंतविड्याला थंडी लागत नाही. भाचीला सातवा महिना लागलाय, म्हणून यंदा पिशवीत आधी पांढरी तीन पदरी लोकर आहे: टोपरं, मोजे आणि पुढून बटणं असलेला स्वेटर. त्याखाली ह्यांचा बिनबाह्यांचा, वेणीच्या विणीचा स्वेटर. तो मुंढ्यापर्यंत आलाय आणि तिथंच थांबलाय, कारण सगळा वेळ तिसऱ्या कामानं खाल्ला.

तिसरं काम लेकीच्या स्वेटरचं. तिनं अमेरिकेहून नमुन्यांचं एक देखणं पुस्तक पाठवलं. त्यात सुई सहा नंबरची सांगितली होती. माझ्याकडं सहा नंबरची जोडी होतीच. पाठीला 99 टाके घातले, चार संध्याकाळी विणलं आणि टेप लावली. पाठ 45 सेंटिमीटर व्हायला हवी होती, झाली 55. टाके पुन्हा मोजले, 99च होते.

ह्यांची हयात उद्यमनगरात लेथवर गेली. त्यांनी काही न बोलता व्हर्नियर आणला आणि सुई त्याच्या जबड्यात धरली. पाच मिलिमीटर. पुस्तकाच्या मागच्या कोष्टकात सहा नंबरपुढं चार मिलिमीटर छापलेले. म्हणजे सहा नंबर अमेरिकेत चार मिलिमीटरचा आणि आपल्याकडं पाचचा. आपली चार मिलिमीटरची सुई आठ नंबरची. त्यांच्याकडं नंबर वाढला की सुई जाड होते, आपल्याकडं बारीक.

ह्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही. सुयांचे आपले नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे आणि ती पद्धत तारेच्या गेजवरची. तार एकामागून एक बारीक भोकांतून ओढत न्यायची. जितकी जास्त वेळा ओढली तितका नंबर मोठा आणि तार बारीक. आठ गेजची तार आजही चार मिलिमीटरच्या आसपासच भरते. चाळीस वर्षं मी हातात जो आकडा धरून विणत होते, तो उद्यमनगरातल्या कुठल्याही फिटरला पाठ आहे!

विणणाऱ्या बायका मात्र गेज म्हणतात ते दुसऱ्याच गोष्टीला: 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात आणि किती ओळी. आपल्या बोलीत सांगायचं तर हात घट्ट की सैल. पुस्तकात 22 टाके लिहिलेत, ते पुस्तक लिहिणारीच्या हाताचे आहेत. आपल्या हाताचे आपणच मोजायला हवेत. त्यासाठी तीसेक टाके घालून एक चौकोन विणायचा, धुवायचा, सपाट वाळवायचा आणि काठ सोडून मधले टाके मोजायचे. अस्सल लोकर धुतल्यावर पसरते, म्हणून न धुता मोजलेलं माप फसवं. ॲक्रिलिकला मात्र इस्त्रीची वाफ देऊ नका. ते एकदा लुळं पडलं की पुन्हा उभं राहत नाही. आणि रुंदी जमली तरी ओळी जमतीलच असं नाही, तेव्हा मुंढ्याची उंची ओळी मोजून ठरवू नये, टेपनं ठरवावी. ह्यांचा स्वेटर अडलाय तो याच ठिकाणी.

एलिझाबेथ झिमरमन या बाईंचं ‘निटिंग विदाउट टीअर्स’ 1971 साली आलं. चौकोनाचा कंटाळा येतो ना, मग टोपी विणा आणि तिच्यावर मोजा, असा त्यांचा सल्ला. स्वेटरचंही त्यांचं गणित सोपं होतं. आपल्या हाताचे इंचाला किती टाके ते छातीच्या मापानं गुणायचे. त्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं मनगट, तिसऱ्या हिश्श्याएवढा दंड. नमुन्यांच्या ढीगभर पुस्तकांपेक्षा मला ही एक रीत मोलाची वाटते, कारण ती विणणारीच्या हातापासून सुरू होते. माझी आईही बाळंतविडा टोपऱ्यापासूनच सुरू करायची. तिनं झिमरमनबाईंचं नावही ऐकलेलं नव्हतं.

आईची वही माझ्याकडं आहे. शाईनं लिहिलेलं: ‘8 नं. सुई, चार पदरी, पाठीला 80 टाके, पट्टी 2 इंच.’ टाक्यांच्या गेजचा उल्लेख कुठंच नाही. लागणार तरी कशाला, हात तिचाच होता. त्या मापानं मी विणलेला प्रत्येक स्वेटर ढगळ झाला आणि मी वर्षानुवर्षं लोकरीला दोष देत राहिले.

परवा व्हर्नियर टेबलावर होता तेव्हा कपाटातून माझा लहानपणचा लाल स्वेटर काढला. कोपरं विरलीत, पाठ शाबूत आहे. उजेडाला धरून टाचण्या लावून मोजलं. 10 सेंटिमीटरला 25 टाके. त्याच सुईवर माझे 22 बसतात. तिचे 80 टाके म्हणजे 32 सेंटिमीटर, माझे 36च्या वर. पाठ-पोट मिळून आठ सेंटिमीटरहून जास्त फरक. आई जाऊन अकरा वर्षं झाली. तिचा हात किती घट्ट होता ते त्या पाठीवर अजून जसंच्या तसं आहे. वहीच्या त्या पानावर मी पेन्सिलीनं लिहिलं: ‘आईचे 25, माझे 22.’

तुमच्या घरी आईची, आजीची, सासूबाईंची अशी वही असेल आणि तिच्या हातचा एखादा स्वेटरही उरला असेल, तर कसर लागायच्या आधी तो काढा. टेप लावा, टाके मोजा, आणि तो आकडा तिच्या नावासकट वहीत लिहून ठेवा.