पडद्यावरचे पिल्लू आणि दारातले जनावर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, सगळीकडे मुले चाकांवरचे लाकडी नंदी सजवतात, दोरीने ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा मागतात. नंतर तो नंदी वर्षभर माळ्यावर पडून राहतो. त्याला चारा लागत नाही, तो रुसत नाही, रात्री अकरा वाजता हाकही मारत नाही. खोटे जनावर मुलांच्या हाती देण्याची रीत या दोन जिल्ह्यांना त्यामुळे नवी नाही. नवे आहे ते मोबाइलमधले जनावर. ते दिवसातून दहा वेळा भूक लागल्याचे सांगते आणि कधीकधी त्यासाठी पैसेही मागते.

आभासी पाळीव प्राण्यांची ही कल्पना जपानची. बांदाई कंपनीने नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘तामागोची’ नावाचे अंड्याएवढे यंत्र बाजारात आणले. तीन बटणे दाबून त्यातल्या पिल्लाला भरवायचे, स्वच्छ करायचे, झोपवायचे. काही तास दुर्लक्ष झाले तर ते मरून जाई. मुले ते वर्गात घेऊन येऊ लागली तेव्हा अनेक देशांतल्या शाळांनी त्यावर बंदी घातली. १९९९ मध्ये ‘निओपेट्स’ हे संकेतस्थळ आले. तिथे प्राणी उपाशी राहिला तरी मरत नव्हता, फक्त केविलवाणा दिसत असे. हा बदल वरवर दयाळू वाटतो, पण व्यवसायाच्या दृष्टीने तो फार चतुर होता. मेलेल्या प्राण्यापाशी खेळ संपतो, केविलवाण्या प्राण्याकडे मूल परत येते. २००५ मध्ये व्हायकॉम या अमेरिकी माध्यम कंपनीने हे संकेतस्थळ सुमारे १६ कोटी डॉलरना विकत घेतले. आज बोलणारी मांजरे, नाचणारे कुत्रे आणि मिठीत येणारे वाघाचे बछडे असलेली असंख्य मोफत ॲप कोणत्याही स्वस्त स्मार्टफोनवर चालतात.

आणि स्मार्टफोन आता गावात पोहोचला आहे. ‘असर २०२४’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार देशातल्या १४ ते १६ वयोगटातल्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येतो. भामरागड, एटापल्लीकडच्या काही गावांत सिग्नलसाठी अजूनही टेकडी चढावी लागते, पण बरेचसे खेळ एकदा उतरवून घेतले की सिग्नलशिवायही चालतात. चंद्रपूर शहरात तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की दुपारभर मुलांना घराबाहेर सोडताच येत नाही. कोळशाच्या धुळीत आणि दोन खोल्यांच्या घरात कुत्रा पाळणे अनेकांना शक्य नसते. अशा घरात मुलाने पडद्यावर पिल्लू पाळले तर बिघडले काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे.

संशोधनाचे उत्तर सरसकट नकाराचे नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या सन जू आह्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ९ ते १२ वर्षांच्या ६१ मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मूल जितके धावे-पळे, तितका त्याचा पडद्यावरचा कुत्रा नवनव्या करामती शिकत असे. तीन दिवसांच्या त्या प्रयोगात कुत्रा असलेल्या मुलांनी साध्या संगणकावर आपली नोंद पाहणाऱ्या मुलांपेक्षा दिवसाला सुमारे तासभर जास्त हालचाल केली. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी किशोरवयीन मुलांना मोबाइलमधला प्राणी दिला आणि सकाळच्या न्याहारीचा फोटो त्याला पाठवायला सांगितले. प्राणी खूश होतो आणि नाराजही होतो, अशा दोन्ही प्रतिक्रिया मिळालेल्या मुलांचे न्याहारीचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट झाले. हे प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचे आहेत. तरी त्यातून एक गोष्ट निश्चित दिसते. पडद्यावरच्या प्राण्याची मर्जी राखण्यासाठी मूल स्वतःचे वागणे बदलते. ती मर्जी कशासाठी वापरायची हे मात्र खेळ बनवणारा ठरवतो. जॉर्जियातल्या कुत्र्याने मुलांना पळायला लावले. बाजारातला कुत्रा त्यांना जाहिरात पाहायला लावतो.

मिशिगन विद्यापीठातल्या बालरोगतज्ज्ञ जेनी रडेस्की यांच्या गटाने २०२२ मध्ये तीन ते पाच वर्षांची मुले प्रत्यक्ष वापरत असलेली ॲप तपासली. खेळ थांबवू नये म्हणून पात्राने रडवेले होणे, वेळ संपत आल्याची घाई करणे, चकाकणाऱ्या बक्षिसांनी भुलवणे, अशा क्लृप्त्या बहुसंख्य ॲपमध्ये सापडल्या. ज्या घरांत पालकांचे शिक्षण कमी होते, तिथल्या मुलांच्या ॲपमध्ये त्या जास्त होत्या. हा निष्कर्ष गडचिरोलीत बसून वाचला की जास्त टोचतो. घरी माडिया किंवा गोंडी, शाळेत मराठी आणि खेळावरची सूचना इंग्रजीत, अशा तीन भाषांच्या पायऱ्यांवर उभे असलेले मूल ‘विकत घ्या’ आणि ‘पुढे जा’ या दोन बटणांत फरक कसा करणार? आणि आईबाबांच्या यूपीआयचा पिन मुलांना पाठ असणे ही आता सर्रास आढळणारी गोष्ट आहे.

आरोग्याच्या बाजूने यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. पडद्यावर प्राणी सांभाळून मुलाला खऱ्या प्राण्याशी वागता येते का?

याचे बऱ्यापैकी थेट उत्तर उपलब्ध आहे. युरोपात ‘ब्ल्यू डॉग’ नावाचा एक संगणकीय कार्यक्रम तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तयार झाला. खात असलेल्या कुत्र्याजवळ जावे का, झोपलेल्याला उठवावे का, असे प्रसंग मूल पडद्यावर निवडते आणि चुकले तर कुत्रा चावतो. ब्रिटनमध्ये केलेल्या चाचणीत मुले धोक्याचे प्रसंग आधीपेक्षा चांगले ओळखू लागली. पुढे अमेरिकेत अलाबामा विद्यापीठाच्या डेव्हिड श्वेबेल यांनी २०१२ मध्ये एक पाऊल पुढे टाकून या मुलांना खऱ्या, अनोळखी कुत्र्यासमोर उभे केले. चित्रातला धोका ओळखण्यात त्यांची थोडी प्रगती झाली होती, पण जिवंत कुत्र्याशी त्यांचे वागणे बदललेले दिसले नाही. मुलांची सुरक्षितता हाच ज्याचा एकमेव हेतू, त्या खेळाची ही गत. मग ज्या खेळात कुत्र्याच्या तोंडासमोर बोट नाचवले की तो गोड हसतो, त्यातून मूल काय शिकत असेल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुले असतात आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के प्रकरणांत कुत्रा कारणीभूत असतो. हा आजार एकदा लक्षणांपर्यंत पोहोचला की जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. चावा घेतलेली किंवा ओरखडलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे, तिखट-चुना-हळद न लावणे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करणे, एवढ्यावर मुलाचा जीव अवलंबून असतो. जखमेतून रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, आणि ते जवळच्या उपकेंद्रात मिळत नसल्याने पुढे जावे लागू शकते. पण या सगळ्याच्या आधी मुलाने घरी येऊन सांगावे लागते. ‘तू त्याची खोडी काढलीस का?’ म्हणून मार पडेल या भीतीने मुले ओरखडा लपवतात. पडद्यावरच्या चाव्याची जखम एका बटणाने बरी होते. ही सवय लागलेल्या मुलाला खरा चावा सांगायला शिकवणे, हे घरातल्यांनाच करावे लागेल.

चंद्रपूर जिल्ह्यात प्राण्याचा प्रश्न कुत्र्यापाशी संपत नाही. दोनशेहून अधिक वाघ असलेला हा जिल्हा. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला पहाटे आईवडिलांबरोबर मुलेही जातात. वाकून वेचणाऱ्या माणसाला दूरचे दिसत नाही आणि जनावरालाही तो माणसासारखा दिसत नाही. अशा गावातल्या मुलाला ओले शेण कोणाचे, माकडे का ओरडताहेत, गुरे एकाएकी का थबकली, हे कळणे म्हणजे निसर्गशिक्षण वगैरे नसून जीव वाचवण्याची विद्या आहे. ती आजी, गुराखी आणि शेजाऱ्यांकडून चालता-चालता मिळते. केंब्रिजचे अँड्र्यू बाल्मफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ब्रिटनमधल्या मुलांना चित्रे दाखवली, तेव्हा आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉनची काल्पनिक पात्रे सुमारे ७८ टक्के ओळखली आणि आसपासचे खरे प्राणी-वनस्पती सुमारे ५३ टक्के. सिंदेवाहीच्या किंवा धानोऱ्याच्या मुलांची आज अशी परीक्षा घेतली तर निकाल उलटा लागेल असे मानायला जागा आहे. ती आघाडी राहील की नाही, हे संध्याकाळी मुले कोणाच्या शेजारी बसतात यावर ठरेल.

दुसरी एक बाजू फारशी बोलली जात नाही. जंगलाकाठच्या घरात पोपटाचे पिल्लू, खार, कधी सशाचे पिल्लू येते आणि मुले ते पाळतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. हेमलकशाला १९७३ पासून चाललेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकाऱ्यांकडच्या अनाथ पिल्लांना आसरा दिला आणि त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. बिबट्यासोबतची त्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. त्यामागची वर्षानुवर्षांची देखभाल, खाणे-पिणे आणि परवानग्यांची कटकट छायाचित्रात येत नाही. वाघाच्या बछड्याला गोंजारायला लावणारे ॲप नेमके तेच मागचे सगळे पुसून टाकते. लाकडी नंदीने अशी गफलत कधी केली नाही, कारण खरा बैल शेजारच्या गोठ्यात उभा असे आणि लाथ कशी बसते हे मुलाला माहीत असे.

मग द्यावे की देऊ नये? दोन वर्षांखाली पडदाच नको आणि दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना २०२१ पासून सांगते आहे. त्यापुढच्या वयात बंदीपेक्षा शेजारी बसून आठवडाभर वापरून पाहणे अधिक उपयोगाचे. मुलाने प्राण्याला नाव द्यावे, खाऊ घालावे, आणि मोठ्यांनी घड्याळाकडे लक्ष ठेवावे: पैशाची पहिली मागणी किती मिनिटांत आली, दोन जाहिरातींत किती अंतर होते. मग दोन दिवस खेळ मुद्दाम बंद ठेवावा. परत उघडल्यावर प्राणी कसा वागतो? तो नुसता हसून स्वागत करतो की ‘तू मला सोडून गेलास’ म्हणून रडतो? रडत असेल तर ते ॲप काढून टाकायला दुसरे कारण शोधण्याची गरज नाही. मुलाला सरळ विचारावे, याला खरेच भूक लागते का? एमआयटीच्या शेरी टर्कल यांनी तामागोचीच्या काळात मुलांशी असेच बोलून पाहिले होते. हे यंत्र आहे हे मुलांना कळत होते, तरीही ते काळजी मागते म्हणून ती त्याला एका अर्थाने जिवंत मानत. सात-आठ वर्षांच्या मुलाशी या विषयावर उत्तम गप्पा होतात, आणि त्याच वेळी घरची कोंबडी, शेळी किंवा परसातले वासरू यांचे एक काम त्याच्याकडे सोपवता येते. पाणी दाखवायचे राहिले तर शेळी खरोखर ओरडते.

राहिला माहितीचा प्रश्न. जुलै २०२२ मध्ये निओपेट्सच्या सुमारे सहा कोटी ९० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली; त्यात नावे, ई-मेल आणि जन्मतारखाही होत्या. ही खाती उघडणाऱ्यांपैकी अनेक जण तेव्हा शाळकरी होते आणि बऱ्याच जणांना मोठेपणी ते खाते आठवतही नसेल. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती बंधनकारक केली आहे. मुलांचा माग ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे, उल्लंघनाला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने मिळाले आहेत, म्हणजे हे कलम प्रत्यक्षात २०२७ च्या मे महिन्याच्या आसपास लागू होईल. ज्या घरात एकच मोबाइल आहे, तो वडिलांच्या नावावर आहे आणि त्यावरचे सगळे खेळ मोठ्या भावाने उतरवलेले आहेत, तिथे संमती कोण आणि कशी देणार, हे नियमांतून स्पष्ट होत नाही. तोपर्यंत खाते उघडताना मुलाची खरी जन्मतारीख, शाळेचे नाव आणि फोटो न देणे, आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये खरेदीसाठी वेगळा पासवर्ड लावणे, एवढे घरीच करता येते. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते गावातल्या एखाद्या दहावीच्या मुलीलाही सहज जमते.