जुनेर

जूनमध्ये कॉलेजं उघडली की चिपळूणजवळच्या सावर्ड्याच्या बाजारपेठेत परगावचे पालक दिसू लागतात. सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे इथं शेतीपासून चित्रकलेपर्यंत शिकायला मुलं येतात. मुलाची खोली लावायची म्हणजे गादी, उशी, चादर, पांघरूण, पायपुसणं सगळं एका फेरीत घ्यायचं. पैसे मोजके, म्हणून हात स्वस्त आणि चकचकीत मालाकडे जातो. फोमची गादी, पॉलिएस्टरची चादर, केसाळ ब्लँकेट. आमच्या दमट हवेत ती चादर घाम टिपत नाही, अंगाला चिकटते, आणि थोडी वापरली की तिच्यावर गोळे धरतात. या आईबापांना थांबवून सांगावंसं वाटतं, की एवढ्याच पैशांत, बहुतेकदा कमीतच, चांगलं सुती सामान जमतं. फक्त ते कोरं नसेल.

वापरलेलं म्हटलं की चेहरे पडतात. दुसऱ्याचं उतरलेलं का घ्यायचं? पण आपल्या घरात जन्माला येणाऱ्या बाळाची पहिली दुपटी आणि लंगोट जुनेराचेच असतात. आजीचं धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं त्यासाठी मुद्दाम राखून ठेवतात. कोऱ्या कापडाला खळ असते, ते बोचतं. घरात ज्याची कातडी सगळ्यात नाजूक, त्याला सगळ्यात जुनं कापड, हा हिशेब आपल्या बायकांनी कधीच मांडून ठेवला आहे. मग मोठ्या माणसानं लाजावं कशाला?

आणि हे कापड आमच्याकडे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी घरं मुंबईच्या गिरण्यांवर उभी राहिली. चाकरमानी गावी येताना मांजरपाट, लट्ठा, वायल, चादरी घेऊन यायचे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि बऱ्याचशा गिरण्या पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. अनेक माणसं तेव्हा कायमची गावी आली. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंका अजून माळ्यावर आहेत. गणपतीच्या आधी घर झाडताना त्या उघडतात आणि आतलं सूत स्टीलच्या एका पातेल्यापायी बोहारणीकडे जातं. बोहारणीवर माझा राग नाही, ती कापड वाया जाऊ देत नाही. पण शेजारच्या घरात त्याच आठवड्यात पॉलिएस्टरची चादर विकत आणली जाते, याचं मला वाईट वाटतं. ट्रंक उघडण्याआधी वाडीत विचारा तरी, कुणाला हवंय का.

घेणाऱ्यानं मात्र पारखून घ्यावं. कापड उजेडासमोर धरायचं, विरलेली जागा लगेच दिसते. विरलेल्या जागी दोन्ही हातांनी हलकं ताणलं आणि चर्र झालं, तर ते नेसण्याच्या कामाचं नाही, गोधडीच्या मधल्या थरात घालावं. सूत आहे की भेसळ, हे पाहायला कडेचे दोन धागे काढायचे, एक उभा, एक आडवा. शिवणीचा दोरा घेऊ नये, कापड सुती असलं तरी तो बहुधा पॉलिएस्टरचा असतो. धागा चिमट्यात धरून काडी लावा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटात चुरलं की करड्या राखेची पूड होते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि थंड झालं की त्याचा टणक मणी होतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. दोन्ही खुणा एकदम दिसल्या तर कापड मिश्र समजावं. ‘प्युअर कॉटन’ असं दुकानदारानं कितीही सांगितलं तरी हा धागा खरं बोलतो.

गादीचं तर विचारूच नका. कापसाची गादी दबून कडक झाली म्हणजे संपली, असं लोक धरून चालतात. ती फक्त पिंजायची असते. गादीवाला जुनी खोळ उसवतो, कापूस मोकळा करून पिंजतो, माती आणि कुटकी झडते, थोडा नवा कापूस मिसळून नव्या खोळीत भरतो, वर टाके घालतो. आधी आणि नंतर वजन करून घ्यावं. हे काम एप्रिल-मेच्या कडक उन्हात उरकायचं, पावसात ओला कापूस भरला तर बुरशी आलीच. पुरात भिजलेली गादी मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नये. २२ जुलै २०२१च्या महापुरानंतर चिपळूणच्या रस्त्यांवर चिखलानं भरलेलं सामान पडलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांना कारण सांगावं लागणार नाही. कुणाची वापरलेली उशीही नको.

पांघरुणाला गोधडी. वरच्या आणि खालच्या थराला धड लुगडं, मध्ये विरलेले तुकडे, काठापासून आत फिरत जाणारा धावदोरा. एका गोधडीत कित्येक दिवसांची मान आणि बोटं खर्ची पडतात. शिवणाऱ्या बाईशी मजुरीवरून घासाघीस करणारे मला सहन होत नाहीत, कारण तीच माणसं ब्लँकेटची छापील किंमत मुकाट मोजतात. गोधडी पावसाळ्यात वाळत नाही, हे खरं. ती मे महिन्यात धुवावी.

पायपुसण्याला पैसे कशाला? १९८७च्या कायद्यानं धान्य आणि काही प्रमाणात साखर तागाच्या पोत्यांत भरण्याची सक्ती आहे, त्यामुळे वाण्याकडे रिकामं गोणपाट सापडतंच. कडा दुमडून शिवलं की झालं.

उशी राहिली. तिला सावरीचा कापूस. शिमग्याच्या सुमाराला सावर लाल फुलते आणि चैत्र-वैशाखात बोंडं तडकतात. हा कापूस गुळगुळीत आणि आखूड, त्याचं सूत निघत नाही, पण भरायला त्याच्यासारखा हलका दुसरा नाही. बोंडं झाडावर फुटू देऊ नका, वाऱ्यानं सगळं उडून जातं. तपकिरी होताच उतरवायची, जुन्या मच्छरदाणीखाली उन्हात फुटू द्यायची आणि काळ्या बिया वेचून काढायच्या. नाक-तोंड फडक्यानं बांधून बसावं. खोळ जाड, घट्ट विणीची हवी, मांजरपाट उत्तम, नाहीतर कापूस बाहेर झिरपतो. पोराची उशी वैशाखात भरून ठेवली, तर जूनच्या यादीतली एक ओळ कमी होते.