गोटीसोड्याचे गोत्र

परदेशात आपल्याकडचे पेय अकस्मात समोर आले, की पहिला आनंद ओळखीचा असतो आणि त्यामागोमाग येतो तो मालकीचा. जपानच्या प्रवासात ओसाकातील एका लहान दुकानात आम्हांला अशीच एक बाटली दिसली. तीच चिमटलेली मान, मानेत तीच काचेची गोटी, ती आत दाबताच तोच फसफसाट. 'हा तर आपला गोटीसोडा!' असे उद्गार सहज निघाले. त्यातील 'आपला' हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे; मराठीच्या वर्गात आपण तो नेहमीच वापरतो.

ही बाटली मूळची इंग्लंडची. हायरम कॉड या इंग्रजाने १८७०च्या दशकात तिचे पेटंट घेतले. सोड्यातील वायूचा दाब गोटीला तोंडाशी असलेल्या रबरी कड्यावर रेटून धरतो, त्यामुळे वेगळे बूच लागत नाही. पुढे तिच्या मायदेशी ती मागे पडली. भारतात आणि जपानमध्ये टिकली.

जपानी लोक या पेयाला 'रामुने' म्हणतात. 'लेमोनेड' या शब्दाचेच ते जपानी उच्चारात घडलेले रूप. विशेष म्हणजे हायकूसाठी ऋतुसूचक शब्दांचे जे कोश आहेत, त्यांत 'रामुने' हा उन्हाळ्याचा शब्द म्हणून नोंदलेला आहे. आपल्याकडे वेगळेच घडले. मराठीने पोरांच्या खेळातली गोटी उचलून सोड्याला जोडली. दिल्लीत 'बंटा' झाला, तमिळनाडूत 'गोली सोडा'. बाटली एकच, पण प्रत्येक भाषेने तिला आपल्या रीतीने घरात घेतले.

साहित्यप्रकारांचेही असेच नाही काय? केशवसुतांनी आणलेले सॉनेट मराठीत 'सुनीत' झाले. फारसी-उर्दूतून आलेली गझल सुरेश भटांनी घरोघरी पोचवली. शिरीष पै यांनी हायकू येथे रुजवला. तरीही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत 'हा प्रकार परकीय आहे' या वाक्यापाशी विवेचन संपते. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादावरील चर्चाही वर्गात बहुधा उगमाच्या हिशेबावरच येऊन थांबते. आमच्या मते, उगम सांगून झाल्यावर समीक्षेचे खरे काम सुरू होते: भाषेने त्या वस्तूचे पुढे काय केले, हे पाहण्याचे.

अर्थात, नाव बदलले म्हणजे वस्तू आपली झाली, इतके हे सोपे नाही. मार्च २०२५मध्ये लंडनच्या एका खाद्यपेय प्रदर्शनात 'गोली पॉप सोडा' हे पारंपरिक भारतीय पेय म्हणून मांडले गेले. म्हणजे कॉडच्याच देशात. त्यात गैर काही नाही. दीडशे वर्षांच्या आसपास पोचणारा वापर ही परंपराच होय. मात्र परंपरेचा गौरव करताना मधला प्रवास पुसला जाऊ नये. बाजाराला 'आपले' या शब्दाची घाई असते. अभ्यासकाला ती परवडत नाही.

जपानी कवींनी 'रामुने'ला उन्हाळा दिला. आपल्या कथाकवितांत गोटीसोडा कोणत्या ऋतूत, कोणाच्या हातात, कोणत्या जत्रेत किंवा एसटी स्थानकावर येतो? विद्यार्थ्यांनी आपल्या वाचनातून अशा जागा शोधून काढाव्यात. त्या मोजक्याच निघाल्या, तर ते लिहिण्याचे काम अजून शिल्लक आहे असे समजावे.