कृष्णेत पोहलेली माणसं

मे २०२४च्या लाँग वीकेंडला आम्ही सहकुटुंब ओटोनाबी नदीवर बोटिंगला गेलो. पीटरबरोचे लिफ्ट लॉक १९०४ सालचे. फूटभर जादा पाण्याच्या वजनाने वरची टाकी खाली येते न् खालची आपल्याला बोटीसकट ६५ फूट वर नेते! आमच्यातला इंजिनिअर खूश.

मुलांना लाईफ जॅकेटं घातली. आमचं मात्र सीटखाली. ‘कृष्णेत पोहलोय आम्ही!’

पुढे कॅचेवानूका तलावात उडालेली टोपी धरताना तोल गेला. गारठ्याने श्वासच अडकला, हातपाय हलेनात. सौ.ने दोर फेकला, म्हणून हे लिहितो आहोत.

मंडळी, मे महिन्यात ऊन उन्हाळ्याचं, पण पाणी हिवाळ्याचंच असतं. जॅकेट अंगात हवं, बोटीत नव्हे!