कार्टून कोणासाठी?



'कार्टून' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? उंदरामागे धावणारे मांजर, बोलणारी बदके, डोक्यावर हातोडा पडला तरी पुन्हा उठून पळणारा कोल्हा. आपण पोट धरून हसतो आणि घरातील वडील माणसे म्हणतात, 'मुलांचे आहे, चालू द्या.' कार्टून म्हणजे लहान मुलांची करमणूक, ही समजूत आपल्या मनात पक्की बसली आहे. आज मी त्या समजुतीविषयी एक प्रश्न विचारणार आहे. जी संस्था सगळ्या कुटुंबासाठी कार्टून चित्रपट काढते, तिने समजत्या वयाच्या प्रेक्षकांसाठीही चित्रपट काढावेत काय?

हा प्रश्न मला पुस्तकात मिळाला नाही, घरात मिळाला. माझी भाची तेव्हा सहा वर्षांची होती. ईदसाठी बाजी माहेरी आल्या होत्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात शीरखुर्म्याच्या तयारीत होतो आणि भाची मोबाइलसाठी हट्ट धरून बसली होती. मी पडद्यावर नजर टाकली. एका चित्रपटाचे चित्र होते : मोठा भाऊ, लहान बहीण आणि भोवती चमकणारे काजवे. 'घे, कार्टून आहे,' असे म्हणून मी मोबाइल तिच्या हाती दिला. दीड तासाने ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती. तिने फक्त विचारले, 'खाला, ती मुलगी आता उठणार नाही का?' मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर कित्येक रात्री ती दिवा मालवू देत नव्हती. बाजी मला रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, 'कार्टूनमध्ये असले दाखवतातच कशाला?'

त्या चित्रपटाचे नाव 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', म्हणजे 'काजव्यांची कबर'. जपानमधील 'स्टुडिओ जिब्ली' या संस्थेने तो काढला. १९४५ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, कोबे शहरावर बॉम्ब पडतात. चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको यांची आई त्यात मरण पावते. वडील नौदलात असतात. नातेवाइकांच्या घरी अपमान सोसावा लागतो, म्हणून ही भावंडे एका पडीक आश्रयस्थानात राहू लागतात आणि तेथे सेत्सुको उपासमारीने मरते. ही कथा निव्वळ कल्पनेतली नाही. अकियुकी नोसाका या लेखकाची लहान बहीण युद्धकाळात उपासमारीनेच मरण पावली होती. आपण तिला वाचवू शकलो नाही, ही बोच मनात घेऊन त्यांनी १९६७ साली ती कथा लिहिली. चित्रपटाचे दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनीही वयाच्या नवव्या वर्षी ओकायामा शहरावरचा हवाई हल्ला स्वतः अनुभवला होता.

आता आश्चर्याची गोष्ट ऐका. १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमधील चित्रपटगृहांत हा चित्रपट झळकला, तेव्हा त्याच्या जोडीला त्याच संस्थेचा दुसरा चित्रपट होता : 'माय नेबर टोटोरो'. त्यात दोन लहान बहिणी आहेत, रानात राहणारा एक गुबगुबीत, प्रेमळ प्राणी आहे आणि निरागस आनंद आहे. एकाच तिकिटात दोन्ही चित्रपट! एकात पोट भरून हसावे आणि दुसऱ्यात हुंदके द्यावेत. पुढे टोटोरो हा प्राणी त्या संस्थेचे बोधचिन्ह झाला. म्हणजे ज्या घरातून टोटोरो आला, त्याच घरातून सेत्सुकोही आली.

हे योग्य झाले काय? प्रथम विरोधी बाजू पाहू, कारण ती दुबळी नाही. कुटुंबासाठी चित्रपट काढणाऱ्या संस्थेचे नाव हा एक प्रकारचा वादा असतो. ते नाव पाहून आई निर्धास्तपणे मुलांना पडद्यासमोर बसवते आणि आपल्या कामाला जाते. हा विश्वास मिळवायला वर्षे लागतात आणि तो एका दुपारी मोडू शकतो. आमच्या घरात तो तसाच मोडला. शिवाय, प्रौढांसाठी चित्रपट काढणाऱ्या संस्था जगात काय थोड्या आहेत? मुलांच्या वाट्याला आधीच चांगले चित्रपट कमी येतात. जी संस्था ते काम उत्तम करते, तिने तेच करीत राहावे, असे कोणी म्हटले तर ते चूक कसे ठरवावे?

तरीही माझे मत वेगळे आहे. त्याची कारणे सांगते.

पहिले कारण असे की, काही गोष्टी चित्रांतूनच नीट सांगता येतात. कार्टून चित्रपटात एका सेकंदासाठी चोवीस चित्रे पडद्यावरून सरकतात आणि स्थिर रेषा जिवंत वाटू लागते. चार वर्षांच्या खऱ्या मुलीला भुकेने झिजताना दाखवायचे तर ते कसे दाखवणार? तिला उपाशी ठेवणार काय? चित्रकाराला मात्र ते दाखवता येते. त्याची रेषा दुःख दाखवते, पण कोणाला दुखवीत नाही. आणि ही रेषा काढण्याचे कसब कोणाकडे असते? वर्षानुवर्षे मुलांसाठी चित्रे काढणाऱ्या कलावंतांकडेच. लहान मूल कसे धावते, कसे रुसते, खाऊचा डबा कसा हलवून पाहते, हे ज्यांना ठाऊक आहे, तेच सेत्सुकोला जिवंत करू शकले.

दुसरे कारण असे की, ही वाट नवी नाही. वॉल्ट डिस्ने यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांच्या संस्थेने १९३७ साली 'स्नो व्हाइट' हा चित्रपट काढून सर्व जगातील मुलांना वेड लावले. त्याच संस्थेने १९४३ साली 'एज्युकेशन फॉर डेथ' नावाचा लघुपट काढला. हान्स नावाचा कोवळा मुलगा नाझी जर्मनीच्या शाळेत द्वेष शिकत शिकत शेवटी निर्दय सैनिक कसा बनतो, हे त्यात दाखवले आहे. अखेरीस सैनिकांच्या रांगांच्या जागी कबरींच्या रांगा दिसतात. मुलांना हसवणाऱ्या हातांनीच ती चित्रे काढली होती. त्यामुळे 'स्नो व्हाइट'ची गोडी कमी झाली काय? नाही.

मग धोका कोठे आहे? माझ्या मते धोका आहे तो गोंधळात. १९८५ साली डिस्नेच्या संस्थेने 'द ब्लॅक कॉल्ड्रन' हा चित्रपट काढला. तो पूर्वीच्या चित्रपटांपेक्षा भीतिदायक होता. तयार झाल्यावर वरिष्ठांना तो मुलांसाठी फार भयंकर वाटला, म्हणून काही मिनिटांची दृश्ये कापली गेली. सुमारे चार कोटी चाळीस लाख डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेत त्याच्या निम्मीच मिळकत झाली. लहान मुले घाबरली, मोठ्यांना तो पोरकट वाटला. ना इकडचा, ना तिकडचा! आपल्यासमोर कोण बसणार आहे, हे ठरवल्याशिवाय बोलू लागणाऱ्या माणसाची जी गत होते, तीच या चित्रपटाची झाली.

याच संस्थेने दुसरा मार्गही वापरून पाहिला. १९८४ साली तिने 'टचस्टोन' या वेगळ्या नावाने मोठ्यांचे चित्रपट काढायला सुरुवात केली. खरी माणसे आणि कार्टून एकत्र असलेला 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' हा १९८८ सालचा चित्रपट त्याच नावाखाली आला. ही युक्ती चतुर आहे. त्यामुळे जुन्या नावावरचा विश्वास टिकतो. पण मला ती पुरेशी वाटत नाही. नाव बदलले, तरी 'कार्टून म्हणजे मुलांचे' ही आपली समजूत बदलत नाही. मी मोबाइल हाती दिला, तेव्हा संस्थेचे नाव वाचलेच कोठे होते? मी फक्त चित्र पाहिले होते.

आपल्या मोहल्ल्यातील हकीमसाहेबांचे दुकान आठवा. एकाच फळीवर गुलाबाचे सरबत असते आणि कडू काढाही असतो. सरबत विकतात म्हणून त्यांनी काढा ठेवू नये, असे आपण म्हणतो काय? काढा तर हवाच. पण बाटलीवर चिठ्ठी हवी आणि मुलाच्या हाती बाटली देण्यापूर्वी ती चिठ्ठी वाचणारा माणूसही हवा. आपल्या देशात चित्रपटांना अशी चिठ्ठी लावलेली असते. 'यू' म्हणजे सर्वांसाठी आणि 'ए' म्हणजे फक्त अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. मधल्या 'यूए' प्रकाराचे २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने वयानुसार तीन भाग केले : सात, तेरा आणि सोळा वर्षे. कार्टून असले तरी प्रमाणपत्रातून सूट नाही. चिठ्ठी आहे, वाचायची राहते ती आपलीच.

येथे एक खुलासा केला पाहिजे. 'मोठ्यांसाठी' म्हणजे अश्लील किंवा रक्तबंबाळ, असा अर्थ कृपा करून घेऊ नका. शिव्या, मारामारी आणि निर्लज्जपणा भरून त्याला 'प्रौढांचे कार्टून' म्हणणारे लोक आहेत. त्याला मी प्रौढ म्हणणार नाही. मग प्रौढ कशाला म्हणावे? १९४२ सालच्या 'बांबी' या चित्रपटात हरणाच्या पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने मरते. ते पाहून मुले रडतात. पण थोड्याच वेळात पाडसाचा पिता येतो आणि त्याला आपल्याबरोबर नेतो. कुटुंबाच्या चित्रपटात दुःख असतेच, मात्र दुःखानंतर कोणाचा तरी हात पुढे येतो. सेत्सुकोसाठी कोणाचाच हात पुढे येत नाही. हे सत्य पेलायला मनाला थोडी वर्षे लागतात. माझ्या मते फरक एवढाच आहे.

मग असे सत्य दाखवावेच कशाला? कारण तो हात पुढे करण्याचे काम मोठ्यांचे आहे आणि मोठी माणसे ते विसरतात. युद्धे मुले करीत नाहीत, पण त्यांत मुले मरतात. हे ज्यांना कळायला हवे, त्यांच्यापर्यंत ते पोहोचवणारा चित्रपट कुटुंबाची सेवाच करीत असतो.

म्हणून माझे मत असे : कुटुंबासाठी चित्रपट काढणाऱ्या संस्थेने मोठ्यांसाठीही चित्रपट जरूर काढावेत, आपल्या खऱ्या नावाने काढावेत, मात्र ते कोणत्या वयासाठी आहेत, हे ठळक अक्षरांत सांगावे आणि गल्ला भरण्यासाठी दोन्ही दगडांवर पाय ठेवू नये. आणि बाजींच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, चूक त्या चित्रपटाची नव्हती. चूक माझी होती. हे मी त्यांना सांगितले आहे. भाचीलाही सांगितले की, ती सेत्सुको खरोखरच उठली नाही आणि तू तिच्यासाठी घाबरलीस, यात लाजण्यासारखे काही नाही. ती मोठी झाली की आम्ही दोघी तो चित्रपट शेजारी बसून पाहणार आहोत. असा शब्द मी तिला दिला आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण आज सेइताच्या वयाचे आहेत. घरात धाकटी भावंडेही असतील. अम्मी कामात असल्या की मोबाइल तुमच्याच हातून त्यांच्या हाती जातो. तेव्हा 'कार्टून आहे' एवढ्यावर थांबू नका. चिठ्ठी वाचा, शंका आली तर आधी स्वतः पाहा किंवा वडील माणसांना विचारा. आणि एखादा चित्रपट तुम्हालाच जड वाटला, तर एकट्याने तो ओढत बसू नका. बंद करा, कोणाशी तरी बोला.

तुमचे मत माझ्यासारखेच असावे, असा माझा आग्रह नाही. बाजींचे मत अजूनही पुरते बदललेले नाही. कुटुंबाच्या संस्थेने सरबतच विकावे, असे त्या अजून म्हणतात. तुम्हाला काय वाटते? वर्गात सांगा, मात्र कारणासह सांगा.