न उतरणाऱ्या दुखण्याची देखभाल

बडोद्यात 'एम. एस.' म्हटले की ऐकणाराच्या डोळ्यांपुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहते. त्याच अक्षरांनी ओळखला जाणारा 'मल्टिपल स्क्लेरोसिस' ज्या घरात शिरतो, तेथे मात्र त्या अक्षरांचा अर्थ कायमचा पालटतो. बडोद्याजवळच्या कोयलीत १९६५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. अशा एखाद्या कारखान्यातील चाळिशीच्या कामगाराची कल्पना करावी. पाय जड होतो, जिन्यावर पाऊल अडखळते. मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे गेला की नजर अंधुक होते आणि सायंकाळी हवा निवली की पुन्हा सुधारते. सहकाऱ्यांना हे ढोंग वाटते. ते ढोंग नव्हे. श्रमानंतर अशा रोग्यांची दृष्टी मंदावते, हे विल्हेम ऊहथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्येच नोंदविले होते. मज्जातंतूंवरील आवरण झिजले की शरीराचे तापमान किंचित वाढले तरी संदेश अडखळतात, हा त्याचा पुढे उलगडलेला अर्थ. आम्हा किनारपट्टीवाल्यांकडे पारा क्वचितच तितका चढतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीरही निवत नाही. अशा रोग्याच्या खोलीतील पंख्याला चैन म्हणणाराने हे ध्यानात घ्यावे.

हा गोऱ्या देशांचा रोग, आपल्याकडे नाहीच, अशी समजूत दीर्घकाळ होती. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी पारशी समाजाची पाहणी करून तीत लाखामागे वीसहून अधिक रुग्ण दाखविले, तेव्हा त्या समजुतीला तडा गेला. १९८५ मध्ये मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली.

काहींचा रोग येतो-जातो. काहींचा मात्र हळूहळू, न थांबता वाढत जातो. या दुसऱ्या प्रकारात आरंभापासून वाढणाऱ्या रोगावर अमेरिकेत पहिले औषध मान्य झाले ते २०१७ मध्ये. तेही रोगाचा वेग मंदावते, गेलेली शक्ती परत आणीत नाही. मग करायचे काय? 'आता इलाज नाही' हे वाक्य दवाखान्यात ऐकून रोगी घरी परततो आणि तेथेच खरी हेळसांड सुरू होते. इलाज नसला तरी उपाय पुष्कळ आहेत.

पूर्वी वैद्य विश्रांतीच सांगत. १९९६ मध्ये अमेरिकेतील यूटा येथील अभ्यासाने मोजूनमापून केलेल्या व्यायामाने बळ आणि दम वाढतो, हे दाखवून दिले. तो व्यायाम सकाळच्या गारव्यात, थकवा येण्याआधी थांबून करावा, इतकेच. पायांच्या ताठरपणावर बॅक्लोफेन ही जुनी गोळी आहे; पण कित्येकदा रोगी त्या ताठरपणाच्याच आधाराने उभा असतो, म्हणून मात्रा वाढली की पाय खचतात. ती बेताबेताने ठरवावी लागते. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसेल तर स्वच्छ नळीने ते दिवसातून काही वेळा स्वतःच रिकामे करण्याची रीत १९७२ पासून रूढ आहे. संकोचापोटी ती शिकविली जात नाही. मग लघवीत जंतुसंसर्ग होतो, ताप चढतो, हातपाय गळतात आणि घरचे समजतात की रोगाने उचल खाल्ली. अचानक अशक्तता आली तर आधी लघवी तपासावी. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कुशीवर वळविले नाही तर जखमा होतात. आणि आपली घरे! ओटीच्या पायऱ्या, उंच उंबरठे, निसरडे न्हाणीघर. एक लोखंडी कठडा आणि एक कमोड यांनी कित्येकांची लाज व हाडे दोन्ही वाचतील.

कायदा या रोग्यांना विसरलेला नाही, पण त्याची स्मृती अर्धवट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत याला स्थान दिले, आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कोणत्याही शासकीय आस्थापनेला कामगारास काढता किंवा खालच्या पदावर नेता येत नाही, असेही म्हटले. कोयलीचा कारखाना सार्वजनिक क्षेत्रातला असल्याने तेथील कामगाराला हा आधार आहे. खाजगी ठेकेदाराच्या माणसाला तो नाही. नोकरीतील आरक्षणाच्या यादीत या रोगाचे नाव नाही. उपचारपद्धतींचाही खर्च देणारी 'निरामय' आरोग्य विमा योजना १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची, म्हणून स्वमग्नता, मस्तिष्काघात, मतिमंदत्व व बहुविध दिव्यांगत्व या चारच प्रकारांपुरती. वर्षानुवर्षे आठवड्यातून दोनदा लागणाऱ्या व्यायामोपचाराचे पैसे रोगी स्वतःच्या खिशातून भरतो.

मुंबईच्या हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे. पण सावंतवाडीच्या किंवा काणकोणच्या रोग्याने व्यायामासाठी दर आठवड्याला मुंबई गाठावी काय? 'निरामय'चे दार या रोग्यांना उघडावे आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्याचा एक दिवस मज्जाविकारांच्या पुनर्वसनासाठी राखावा. त्याला नव्या इमारती लागत नाहीत. व्यायामोपचारतज्ज्ञ, परिचारिका आणि गादी घातलेली एक खोली एवढ्यावर आरंभ करता येईल, आणि तो येत्या अर्थसंकल्पातच करावा, असे आमचे सरकारला सांगणे आहे.